साखर काढली की नानकटाईचा भुगा होतो, केक बसतो: मधुमेहींसाठी बेकिंगचं गणित काय?

अबोली

नमस्कार मंडळी. बाबांसाठी (वय ६८, टाइप २ मधुमेह, गोळ्या चालू, इन्शुलिन नाही) दिवाळीत त्यांना खाता येईल अशी नानकटाई करायची आहे. नेहमीचं प्रमाण असं: मैदा १५० ग्रॅम, बेसन ३०, बारीक रवा २०, तूप ११०, पिठीसाखर १००. पिठीसाखरेच्या जागी १०० ग्रॅम एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरतात ती गोड पूड) घातलं, बाकी सगळं तेच. ओव्हन (ओटीजी) २८ लिटरचा, १८० अंश, १५ मिनिटं, एकूण २४ नग.

झालं असं:

१. रंग आलाच नाही. वरून पांढरट, बूड मात्र करपलेलं.
२. हातात घेतली की भुगा.
३. तोंडात टाकल्यावर पेपरमिंटसारखं गार लागतं.
४. दुसऱ्या दिवशी दाताखाली खडे येतात.

नाचणीचा केकही असाच फसतो. ओव्हनमध्ये फुगतो आणि बाहेर काढला की मध्ये बसतो. आत गिच्च, कडेला कोरडा.

नेमकं कुठे चुकतं? आणि गूळ, खजूर, मध घातलेलं चालतं असं बरेच जण सांगतात, ते कितपत खरं? कृपया ग्रॅममध्ये प्रमाण द्या, वाटीचं माप प्रत्येक घरात वेगळं असतं.

---

रवाळ

अबोली, नानकटाईबद्दल सांगते. तुमच्या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे. साखर नुसती गोडीसाठी नसते, ती पदार्थाचा सांगाडा धरते. ती ओव्हनमध्ये वितळते, पिठाच्या कणांमध्ये शिरते आणि थंड होताना त्यांना बांधून ठेवते. रंगही बराचसा तिच्यामुळेच येतो. एरिथ्रिटॉल यातलं जवळजवळ काहीच करत नाही. ते वितळतं, पण तांबूस होत नाही, आणि थंड झालं की पुन्हा स्फटिक होऊन बसतं. दुसऱ्या दिवशीचे खडे ते हेच. तोंडात गार लागतं तेही त्यामुळेच, कारण स्फटिक विरघळताना जिभेवरची उष्णता ओढून घेतात. जितके जास्त आणि जितके जाड स्फटिक, तितका गारवा जास्त.

म्हणून साखर काढून तिच्या वजनाइतकं दुसरं काही ओतायचं, हा मार्गच सोडा. पीठ बदलायचं, गोडी थोडी कमी करायची, आणि रंग व चव दुसरीकडून आणायची. २० नगांचं प्रमाण:

बदामाची पूड १०० ग्रॅम
बेसन ६० ग्रॅम
ज्वारीचं पीठ ४० ग्रॅम
रवाळ तूप ७५ ग्रॅम
एरिथ्रिटॉल ४५ ग्रॅम, मिक्सरमध्ये पिठी करून चाळलेलं
साधी पिठीसाखर १० ग्रॅम
दुधाची पावडर १० ग्रॅम
घट्ट दही १ छोटा चमचा
बेकिंग पावडर पाव चमचा, खाण्याचा सोडा चिमूटभर, मीठ चिमूटभर
वेलची आणि जायफळ नेहमीपेक्षा दीडपट

१० ग्रॅम साखर बघून दचकू नका. २० नगांत ती प्रत्येकी अर्धा ग्रॅम पडते, आणि तेवढ्याने रंग व बांधणीत पडणारा फरक डोळ्यांना दिसतो. अजिबात नको असेल तर वगळा, पण मग नानकटाई फिकटच राहील हे धरून चला. दुधाची पावडर आणि सोड्याची चिमूट याही रंगासाठीच आहेत. सोडा वाढवू नका, साबणासारखी चव येते.

बेसन आधी कोरडंच भाजा. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, ८ ते १० मिनिटं, लाडवासाठी भाजतो तसा खमंग वास सुटेपर्यंत. ही पायरी टाळू नका. साखरेच्या नानकटाईत ओव्हनमध्ये जो खमंगपणा तयार होतो, तो इथे कढईतच आणावा लागतो. भाजलेलं बेसन पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना तुपात पडलं तर तूप पातळ होतं आणि नानकटाई ट्रेवर पसरते.

बदाम घरी दळणार असाल तर पूर्ण कोरडे घ्या. मिक्सर तीन-चार सेकंदच फिरवायचा, थांबायचं, ढवळायचं, पुन्हा फिरवायचा. मोजलेल्या ज्वारीच्या पिठातलं चमचाभर सोबत घातलं की तेल सुटत नाही. पूड चिमटीत दाबल्यावर गोळा होऊन तेलकट लागली, तर ती पूड राहिलेली नाही, तिचं बटर व्हायला लागलंय. असं झालं तर तूप १० ग्रॅमने कमी करा.

एरिथ्रिटॉल दळल्यावर मिक्सरचं झाकण लगेच उघडू नका. बारीक धूळ घशाला झोंबते. दोन मिनिटं बसू द्या.

कृती: थिजलेलं, रवाळ तूप आणि दोन्ही पिठ्या (एरिथ्रिटॉलची आणि साखरेची) ५ ते ६ मिनिटं फेटा. रंग पांढुरका आणि पोत हलका झाला पाहिजे. तूप वितळलेलं असेल तर हवा धरतच नाही, म्हणून उन्हाळ्यात ते आधी १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. त्यात दही घाला, मग चाळलेली पिठं हळूहळू मिसळा. मळायचं नाही, तळहाताने दाबून नुसतं एकत्र आणायचं. गोळा झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये. या वेळात बेसन आणि ज्वारी ओलावा पितात, भुगा होण्याचं प्रमाण इथेच निम्मं होतं.

प्रत्येकी साधारण १७ ग्रॅमचे गोळे करा आणि हव्या त्या जाडीला दाबा, सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. साखरेची नानकटाई ओव्हनमध्ये स्वतः पसरते आणि वर भेगा पडतात. ही पसरणार नाही, तुम्ही द्याल तोच आकार राहील. बटाट्याच्या वड्यासारखी गोल ठेवलीत तर आत कच्ची राहील.

तापमान १५० अंश, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड, ट्रे मधल्या खाचेत, १८ ते २० मिनिटं. १८० अंशांत बदामाचं तेल बुडाला तळायला लागतं, आणि वर साखर नसल्याने रंग दिसत नाही म्हणून आपण वेळ वाढवत जातो. तुमचं बूड करपलं ते बहुधा असंच. रंगावर जाऊ नका. कड किंचित सोनेरी झाली आणि बोटाने कड दाबल्यावर खड्डा पडेना, की झाली.

बाहेर काढल्यावर २५ मिनिटं ट्रेला हात लावायचा नाही. गरम असताना ही ओल्या वाळूसारखी असते, तूप थिजल्यावरच धरते. गरम उचलून "भुगा झाला" म्हणणारे पुष्कळ आहेत.

सगळा घाणा घालण्याआधी एकच नानकटाई भाजून बघा. पसरली तर गोळ्यात १० ग्रॅम भाजलेलं बेसन, कडा फाटल्या तर चमचाभर दूध.

---

आहारनोंद

रवाळताईंचं प्रमाण चांगलं आहे. त्याला आकड्यांची जोड देतो, कारण मधुमेहात साखरेपेक्षा एकूण कर्बोदकं मोजायची असतात आणि घरोघरी नेमकी तीच मोजली जात नाहीत.

अबोलीताई, तुमच्या मूळ प्रमाणात मैद्याची सुमारे १११ ग्रॅम कर्बोदकं, रव्याची १४, बेसनाची १५ आणि साखरेची १००. एकूण २४०, म्हणजे एका नानकटाईत १०. साखर पूर्ण काढलीत तरी १४० उरतात, प्रत्येकीत जवळजवळ ६. तीन खाल्ल्या की १७-१८ ग्रॅम झाली. २५ ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात साधारण १६ ग्रॅम असतात. "बिनसाखरेची आहे" म्हणून पाच-सहा खाल्ल्या तर जेवणावर दोन फुलके जास्तीचे खाल्ल्यासारखं आहे, आणि तेही मैद्याचे.

रवाळताईंच्या प्रमाणात एकूण ८० ग्रॅमच्या आसपास येतात, म्हणजे प्रत्येकी ४. हा फरक मुख्यतः मैदा गेल्याचा आहे. उष्मांक मात्र प्रत्येकी ८० च्या घरात राहतात, कारण तूप आणि बदाम आहेत. वजनही आटोक्यात ठेवायचं असेल तर दोन नगांवर थांबा.

नाचणी आणि ज्वारीबद्दल एक गैरसमज दिसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ६७ ग्रॅम कर्बोदकं आहेत, ज्वारीत ६८, मैद्यात ७४. फार अंतर नाही. फायदा तंतुमय भागाचा आहे: नाचणी-ज्वारीत १० ते ११ ग्रॅम, मैद्यात ३ सुद्धा नाही. तेव्हा नाचणी घातली म्हणून हवं तेवढं खा, असं होत नाही. बदाम, शेंगदाणे, जवस, सुकं खोबरं यांनी कर्बोदकं खऱ्या अर्थाने कमी होतात.

आता गूळ, मध, खजूर. गूळ म्हणजे थोडा ओलावा, थोडी खनिजं आणि बाकी सगळी साखर. रक्तातली साखर वाढवण्याच्या बाबतीत त्याला साखरच समजा. मधाचंही तेच. बी काढलेल्या मऊ खजुरात १०० ग्रॅमला ६५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. १०० ग्रॅम साखरेच्या जागी १५० ग्रॅम खजूर वाटून घातला तर होतात पुन्हा जवळजवळ १०० ग्रॅम. तंतू मिळतात हे खरं, पण "खजुराचा केक मधुमेहींना चालतो" हे वाक्य प्रमाण न सांगता कुणी बोललं तर ऐकू नका. अख्ख्या केकमध्ये तीन खजूर बारीक चिरून घालणं वेगळं आणि वाटीभर वाटून घालणं वेगळं.

एरिथ्रिटॉलबद्दल दोन गोष्टी. त्याने रक्तातली साखर वाढत नाही, हे पक्कं. पण २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, रक्तात एरिथ्रिटॉलची पातळी जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात जास्त आढळले. त्याच अभ्यासात ३० ग्रॅम एकदम प्यायल्यावर पातळी दोन दिवसांहून अधिक काळ चढलेली दिसली. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. आपलं शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल तयार करतं, त्यामुळे गुंता आहे. पण मधुमेहात हृदयाची जोखीम आधीच जास्त असते, म्हणून ते कमीत कमी वापरणं शहाणपणाचं. वरच्या प्रमाणात एका नगात सव्वादोन ग्रॅम पडतं. तुमच्या आधीच्या प्रमाणात चारच्या वर होतं.

---

चहाबाज

एवढं कशाला? बाजारात सुक्रालोजची पावडर मिळते, साखरेइतकेच चमचे घालायचे. खडे नाहीत, गारवा नाही.

---

आहारनोंद

चहाबाज, चहाला चालेल, ओव्हनमध्ये भाजायच्या पदार्थाला मी नको म्हणेन. कारणं दोन.

एक, सुक्रालोज साखरेच्या ६०० पट गोड असतं, म्हणजे चमचाभर साखरेला चिमटीतही येणार नाही इतकं पुरतं. उरलेला चमचा भरतात तो बहुतेक वेळा माल्टोडेक्स्ट्रिनने. हे स्टार्चपासून करतात आणि रक्तातली साखर ते साखरेहूनही भराभर वाढवतं. चहाच्या चमच्यात ते अर्धा ग्रॅम असतं, त्याने बिघडत नाही. केकला कपभर लागली की २० ते २५ ग्रॅम होतं. पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा, पहिलं नाव ज्याचं तोच माल जास्त.

दोन, जर्मनीच्या सरकारी जोखीम मूल्यमापन संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की सुक्रालोज १२० अंशांच्या वर तापवलं तर क्लोरीनयुक्त घातक संयुगं तयार होऊ शकतात, आणि पुरेशी माहिती हाती येईपर्यंत ते भाजण्या-तळण्यात टाळावं. केकचा गाभा १०० अंशांच्या पुढे जात नाही, पण नानकटाई किंवा बिस्किटाचं बूड आणि कड सहज जातात. खीर, श्रीखंड, थंड पुडिंग यांत वापरा.

ॲस्पार्टेम हा दुसरा कृत्रिम गोड पदार्थ, तोही नको. तापवल्यावर त्याची गोडी उडते.

आणि दुकानातून "शुगर फ्री" बिस्किटं किंवा चॉकलेट आणून कुस्करून घालणारे असतात, त्यांच्यासाठी: त्यात माल्टिटॉल (एरिथ्रिटॉलच्याच जातीचा गोड पदार्थ) आहे का बघा. ते थोडीफार साखर वाढवतं आणि ३०-४० ग्रॅमच्या पुढे पोट बिघडवतं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमपर्यंत साखर असली तर "शुगर फ्री" लिहिता येतं. मैदा कितीही असला तरी ते दोन शब्द छापायला आडकाठी नाही.

---

अबोली

खूपच उपयोगी माहिती, आभार. आता शंका. रवाळताई, फक्त ४५ ग्रॅम एरिथ्रिटॉल आणि १० ग्रॅम साखर, एवढ्याने गोड लागेल का? बदाम परवडत नसतील तर पर्याय काय? केकमध्ये अंडं चालणार नाही. बाबांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे, त्याचा इथे काही संबंध येतो का?

---

रवाळ

गोडी साधारण ४० ग्रॅम साखरेइतकी भरेल, एरिथ्रिटॉल साखरेच्या दोन-तृतीयांशच गोड असतं. पिठाच्या मानाने हे बेताचं गोड आहे. वाढवायची असेल तर एरिथ्रिटॉल वाढवू नका, स्टेव्हिया (एका झाडाच्या गोड पानांचा अर्क) घ्या. शुद्ध स्टेव्हिया अर्काची पूड साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असते आणि घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून तिचं पाणी करून ठेवायचं: १ ग्रॅम पूड १०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात. हा १ ग्रॅम सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर मोजा. त्या पाण्याचा एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, १० ते १२ ग्रॅम साखरेइतका गोड. बाटली फ्रिजमध्ये ठेवली की आठवडाभर टिकते. नानकटाईत एकच चमचा, तोही दह्यात कालवून. दुसरा घातला की जिभेच्या मागे कडवटपणा राहतो. जायफळ, सुंठ, दालचिनी यांनी तो बराच झाकला जातो, वेलचीने तितका नाही.

बदामाला पर्याय शेंगदाण्याचं कूट. खरपूस भाजून, सालं पूर्ण काढून, गार करून, मिक्सर थांबवत थांबवत. त्यात तेल जास्त सुटतं म्हणून तूप ६५ ग्रॅमवर आणा. चव कुटाच्या वडीकडे झुकते, ती बेसनाशी छान जमते. निम्मे बदाम निम्मं कूट हा मधला मार्ग. सूर्यफुलाच्या बियांची पूडही चालते, पण तिच्यात सोडा घालू नका. त्या बियांतलं एक द्रव्य सोड्याशी मिळून हिरवं पडतं. खायला अपाय नाही, पण ताटातली हिरवट नानकटाई कुणी उचलत नाही. डाळ्याचं पीठ स्वस्त आहे खरं, पण त्यात कर्बोदकं बदामाच्या कितीतरी पट, तेव्हा बदामाच्या जागी ते नको.

---

पाकशाळा

केकचं मी घेते. आधी तुमचा नाचणीचा केक का बसतो ते. नाचणीत ग्लूटेन नाही, म्हणजे फुगलेल्या बुडबुड्यांभोवती ताणली जाणारी जाळी नाही. साखर असली की स्टार्च आणि अंड्याची प्रथिनं उशिरा, जास्त तापमानाला बसतात, तोवर केकला फुगायला वेळ मिळतो. साखर काढली की वरचा थर आणि कडा लवकर आवळतात, मधलं पीठ अजून पातळच असतं, ते वर ढकलत राहतं आणि बाहेर थंडाव्यात आलं की खाली येतं. त्यात नाचणी पाणी सावकाश पिते. पीठ मुरू न देता लगेच भाजलं तर न प्यालेलं पाणी आत तसंच राहतं, आणि केक आत गिच्च होतो.

अंडं नसेल तर निव्वळ नाचणी-बदामाच्या केकच्या मागे लागू नका. धरायला काहीतरी हवंच, आणि ते गव्हाच्या पिठातून घेतलेलं बरं. २० बाय १० सेंटिमीटरच्या लांबट टिनसाठी:

गव्हाचं पीठ ९० ग्रॅम, बदामाची पूड ७०, दही १५० (फार आंबट नको), दूध ६० मिली, किसून पिळलेला दुधी ८०, तेल ५०, एरिथ्रिटॉलची पिठी ६०, स्टेव्हियाचं पाणी २ छोटे चमचे, बेकिंग पावडर १ सपाट छोटा चमचा, सोडा पाव चमचा, दालचिनी १ चमचा, मीठ चिमूट, व्हॅनिला.

दुधी ऐकून नाक मुरडू नका. साखर केकमधलं पाणी धरून ठेवते, म्हणून साखरेचा केक चार दिवस मऊ राहतो आणि हा दुसऱ्याच दिवशी कोरडा पडतो. ते पाणी धरायचं काम इथे दुधी करतो, आणि ८० ग्रॅममागे कर्बोदकं जेमतेम दोन-तीन ग्रॅम वाढवतो. चव कळत नाही. गाजरही चालेल, थोडं गोडच. किसल्यावर मुठीत घट्ट पिळा. मुठीतून धार थांबून थेंब पडायला लागले की पुरे. कोरडा ठणठणीत पिळलात तर घालण्याचा उपयोग नाही.

दही, दूध, तेल, पिठी आणि स्टेव्हिया आधी एकत्र घोटा. त्यात गव्हाचं पीठ आणि बदामाची पूड मिसळून २० मिनिटं झाकून ठेवा. सोडा आणि बेकिंग पावडर अजून घालायची नाही. दरम्यान ओव्हन १६० अंशांवर १५ मिनिटं तापवा. टिनला बटर पेपर लावा, कारण कमी साखरेचा केक बुडाला जास्त चिकटतो. ओव्हन तयार झाला की मगच दुधी, दालचिनी, सोडा, बेकिंग पावडर घालून १५-२० वेळा ढवळा आणि ताबडतोब ओव्हनमध्ये. दह्यात सोडा पडल्या क्षणापासून बुडबुडे निसटायला लागतात.

१६० अंश, मधली खाच, ४० ते ४५ मिनिटं. पहिली ३० मिनिटं दार उघडायचं नाही. सुरीचं टोक बदामाच्या तेलामुळे फसवतं, स्वच्छ निघतं आणि आत केक कच्चा असतो. ३००-४०० रुपयांत टोकदार थर्मामीटर मिळतो, तो घ्या. मधोमध ९६ ते ९८ अंश दिसले की झालाच. ९२ ला काढलेला हमखास बसतो. नंतर ओव्हन बंद करून दार चार बोटं उघडं ठेवा आणि १० मिनिटं केक आतच राहू द्या. एकदम गार हवेत काढू नका.

१२ तुकडे करा, प्रत्येकी साधारण ६ ग्रॅम कर्बोदकं.

नाचणीच हवी असेल तर गव्हाच्या ९० ग्रॅमपैकी ३० नाचणीची करा आणि छोटा चमचा इसबगोल घाला. त्याहून जास्त इसबगोल नको, केक रबरासारखा होतो. पीठ २० ऐवजी ३० मिनिटं मुरू द्या. अंडं खाणाऱ्यांसाठी नाचणीचा खरा चांगला केक होतो तो असा: ३ अंडी, नाचणी ५० ग्रॅम, बदाम १००, कोको १५, दही ६०, तेल ४०, एरिथ्रिटॉल ६०, बेकिंग पावडर सव्वा चमचा. नाचणी दह्यात अर्धा तास भिजवा, अंडी आणि पिठी तिप्पट फुगेपर्यंत फेटा, अलगद मिसळा. १५ सेंटिमीटरचा गोल टिन, १६० अंश, ३५ मिनिटांच्या पुढे तपासा. कोकोच्या कडवटपणात स्टेव्हियाचा कडवटपणा लपतो, म्हणून इथे स्टेव्हियाचे तीन चमचेही चालून जातात.

टिकाऊपणा कमी, हे लक्षात ठेवा. साखर बुरशीला रोखते, ती इथे नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत केक बाहेर एकच दिवस, फ्रिजमध्ये चार. तुकडे वेगवेगळे गुंडाळून फ्रीझरमध्ये महिनाभर छान राहतात. नानकटाईत पाणी नाही, ती घट्ट डब्यात ८-१० दिवस जाते.

---

आहारनोंद

ग्लिमेपिराइडचा संबंध येतो आणि तो महत्त्वाचा आहे. ही गोळी स्वादुपिंडातून इन्शुलिन सोडायला लावते, खाल्लं नाही तरी. जेवणातला भात-पोळी कमी करून त्या जागी चार ग्रॅम कर्बोदकांच्या दोन नानकटाया खाल्ल्या, तर साखर खाली घसरू शकते. गोळी तीच ठेवून जेवण स्वतःहून कापू नका. नानकटाई जेवणाच्या शेवटी एक-दोन, जेवण नेहमीचं. रोज द्यायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर बदाम, कूट आणि सोडा यांचं प्रमाणही त्यांना दाखवा.

घरच्या ग्लुकोमीटरवर पडताळा. खाण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचं बहुतेक प्रौढांसाठीचं लक्ष्य जेवणानंतर १८० मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या आत असं आहे, वय आणि इतर आजार बघून डॉक्टर वेगळा आकडा देऊ शकतात. या पदार्थांत तूप-बदाम भरपूर असल्याने साखर सावकाश चढते. पहिल्या वेळी तिसऱ्या तासालाही एक पट्टी खर्च करा. एकाच दिवसाच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका, दोन-तीनदा मोजा, आणि त्या दिवशी बाकी जेवण सारखं ठेवा.

आणखी एक. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं अशी साखर उतरल्याची लक्षणं दिसली तर हे डबे उघडायचे नाहीत. एरिथ्रिटॉल आणि स्टेव्हियाने साखर वर येत नाही, आणि तुपामुळे उरलेली कर्बोदकंही उशिरा पोहोचतात. त्या वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. माणूस गिळण्याच्या शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज (स्टार्च-साखरेचं पचन लांबवणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या) असेल तर साधी साखर उशिरा लागू पडते, म्हणून घरात ग्लुकोजच ठेवा. घाईच्या वेळी घरातलं कुणी चुकीचा डबा पुढे करू नये म्हणून डब्यावर ठळक लिहून ठेवा: "बिनसाखरेचं, साखर उतरल्यास देऊ नये".

---

भट्टी

फराळाची नानकटाई बेकरीत भाजून आणायची पद्धत अजून बऱ्याच गावांत आहे, म्हणून एवढंच जोडतो. भट्टी मैदा-साखरेच्या मालाला लावलेली असते, बदामाच्या पिठाला ती फार कडक पडते. ट्रे संध्याकाळी शेवटी, भट्टी उतरताना लावायला सांगा, आणि ट्रेखाली दुसरा रिकामा ट्रे ठेवायला सांगा, म्हणजे बूड वाचतं. आपल्या ट्रेवर खूण हवीच, साखरेचा माल त्याच आकाराचा असतो आणि गठ्ठे बांधताना सरमिसळ होते. प्रत्येक नगावर मध्ये बदामाचा अर्धा तुकडा उभा खोचला की डब्यातही ओळखू येते.

---

अबोली

रवाळताई, एकच शेवटचं. गोळा आदल्या दिवशी करून ठेवला तर?

---

रवाळ

चालतो, पण बेकिंग पावडर आणि सोडा घातलेला नको. बाकी सगळं करून हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी २० मिनिटं बाहेर काढा, बोट रुतेल इतका मऊ झाला की बेकिंग पावडर आणि सोडा चमचाभर भाजलेल्या बेसनात मिसळून वरून भुरभुरवा, हाताने हलकेच फिरवून घ्या आणि लगेच गोळे करा. रात्रभरात बेसन आणखी ओलावा पितं, त्यामुळे कडा फाटतील. चमचाभर दूध हाताशी ठेवा.